समाज, संस्था आणि सालगडी : पदवी स्तरावरील समाजशास्त्राच्या भाषेची चिकित्सा

१

समाजशास्त्र हा प्रस्तुत लेखकाच्या अध्यापनाचा विषय नव्हे; त्याचा विषय भाषाविज्ञान. तथापि काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात बी. ए.च्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा चालू असताना समाजशास्त्राच्या परीक्षकांशेजारी बसण्याचा योग त्याला आला. एका विद्यार्थिनीला परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच : समाज म्हणजे काय? तिने क्षणाचाही विलंब न लावता व्याख्या सांगितली. व्याख्या मॅकायव्हर आणि पेज यांची होती, मराठी रूपांतर पाठ्यपुस्तकातले होते आणि उच्चार स्वच्छ होता. परीक्षक संतुष्ट झाले. मग त्यांनी सहज म्हणून विचारले, "तुझ्या गावाबद्दल काही सांग." मुलगी मोकळी झाली. म्हणाली, "सर, आमच्या गावात चार समाज आहेत. आमचा समाज खालच्या अंगाला राहतो."

या दोन उत्तरांमध्ये एक मिनिटही गेले नव्हते. पहिल्या उत्तरातला समाज एकवचनी होता, अमूर्त होता, तो कोठेच राहत नव्हता. दुसऱ्या उत्तरातला समाज मोजता येत होता. त्याला गावात जागा होती, आणि ती जागा वरची की खालची हेही ठरलेले होते. या दोन समाजांत काही विसंगती आहे असे विद्यार्थिनीला वाटले नाही, परीक्षकांनाही वाटले नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या दिवसापासून असे वाटत आले आहे की, तीन वर्षांच्या अभ्यासाचे यशापयश त्या दोन उत्तरांमधील अंतरात आहे. मुलीला पहिला समाज पाठ होता आणि दुसरा समाज ठाऊक होता. पाठ असलेल्याच्या साहाय्याने ठाऊक असलेल्याची तपासणी करता येणे, यालाच समाजशास्त्राचा अभ्यास म्हणावयाचे. ते घडले नव्हते. ते का घडत नाही, याचा विचार भाषेच्या अंगाने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

आपल्या प्रदेशात हा विषय कोणकोणत्या भाषांतून आला, हे प्रथम पाहणे इष्ट होईल. महाराष्ट्रात समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१९ साली मुंबईत पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली निघाला. १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला. ही सारी घडण इंग्रजीत झाली. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि ग्रंथांची भाषांतरे व परिभाषा सिद्ध करण्यासाठी 'दारुल तर्जुमा' हे स्वतंत्र खाते चालवले. १९४६ मध्ये तेथे समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. पुढे डॉ. श्यामाचरण दुबे यांनी हैदराबादजवळच्या शमीरपेटचा अभ्यास करून १९५५ साली 'इंडियन व्हिलेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही याच विद्यापीठाच्या परिसरातला.

उर्दूत या शास्त्राला 'उमरानियात' असे नाव आहे. त्यातील 'उमरान' ही चौदाव्या शतकातील इब्न खल्दूनची संज्ञा; तिच्या मुळाशी वस्ती, आबादी, माणसांचे एके ठिकाणी नांदणे हा अर्थ आहे. मराठीतला 'समाज' मात्र वेगळ्या वाटेने आला. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात 'समाज' भरवू नयेत अशी आज्ञा आहे. तेथे त्याचा अर्थ उत्सवाचा मेळावा असा आहे. एकोणिसाव्या शतकात प्रार्थना समाज (१८६७), सत्यशोधक समाज (१८७३), आर्य समाज (१८७५) अशी नावे आली. तेथे 'समाज' म्हणजे विशिष्ट हेतूने एकत्र आलेली मंडळी. जातींच्या सभा-परिषदा निघाल्या तेव्हा हाच शब्द त्यांच्याही उपयोगी पडला, आणि आज नांदेड-लातूरच्या व्यवहारात 'आमचा समाज' म्हणजे बहुतेक वेळा आमची जात. जात हा शब्द चारचौघांत उच्चारणे अवघड वाटू लागले, तसतसा समाज हा शब्द त्याच्या जागी सभ्यपणे बसत गेला. शास्त्राच्या नावात जो शब्द आहे तोच शब्द, ज्या गोष्टीची चिकित्सा शास्त्राने करावी, तिच्यावरचे पांघरूण झाला आहे. विद्यार्थी पहिल्या तासाला बसतो तेव्हा हे पांघरूण तो बरोबर घेऊन येतो, आणि पाठ्यपुस्तक ते उचलून पाहत नाही.

राजकीय इतिहासही ध्यानात घ्यावयास हवा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. या काळात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दूकडून इंग्रजीकडे व इंग्रजीकडून मराठीकडे गेले. एकाच घरात आजोबा उर्दूत, मुलगा इंग्रजीत आणि नात मराठीत शिकली, असे येथे घडू शकते. माध्यम बदलले, एक गोष्ट मात्र बदलली नाही : संज्ञा दर वेळी बाहेरून तयार होऊन आली आणि वस्तू मागून शोधावी लागली. कधी अरबी-फारसीतून, कधी इंग्रजीतून, कधी इंग्रजीच्या छायेतील संस्कृतातून. गावाकडे पाहता पाहता शब्द घडला, असा प्रसंग आमच्या वर्गांत क्वचितच आला.

३

पाठ्यपुस्तकांच्या मराठीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ती संस्कृतप्रचुर आणि दुर्बोध आहे. हा आक्षेप अर्धवट आहे असे आमचे मत आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या परिभाषेत तीन प्रकारचे शब्द आहेत, आणि तिन्हींचे उपद्रव सारखे नाहीत.

पहिला प्रकार सर्वस्वी अपरिचित शब्दांचा : स्तरीकरण, अभिजन, बहिर्विवाह, सामाजीकरण. दुर्बोधतेची तक्रार यांच्याबद्दलच असते. वस्तुतः हे शब्द सर्वांत कमी अपाय करतात. आपल्याला हा शब्द कळलेला नाही, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. तो विचारतो, शोधतो, निदान पाठ तरी करतो. ज्याचे अज्ञान उघड आहे त्याला शिकवणे कठीण नाही.

दुसरा प्रकार परिचित शब्दांचा, ज्यांना शास्त्राने वेगळा अर्थ दिला आहे : समाज, संस्था, वर्ग, गट, दर्जा. हे शब्द फार सोपे दिसतात आणि तेच खरे फसवतात. 'संस्था' हा शब्द घ्या. पुस्तकात विवाह ही संस्था आहे, कुटुंब ही संस्था आहे. विद्यार्थ्याच्या अनुभवात संस्था म्हणजे शिक्षणसंस्था. तिला अध्यक्ष असतो, सचिव असतो, तिच्या जागा भरल्या जातात. विवाहाला अध्यक्ष नसतो, तरी त्याचे नियम मोडणाऱ्याला शिक्षा होते. ती कोण करतो? हा प्रश्न 'संस्था' या शब्दाच्या दोन अर्थांमधील फटीतून उभा राहावयास हवा. तो राहत नाही, कारण शब्द ओळखीचा असल्यामुळे फट दिसतच नाही. 'वर्ग' या शब्दाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. विद्यार्थी वर्गात बसतो, 'इतर मागास वर्ग' या प्रवर्गाचे प्रमाणपत्र जोडतो, आणि प्रश्नपत्रिकेत मार्क्सच्या वर्गकल्पनेवर टीप लिहितो. तिन्ही ठिकाणी शब्द एक, वस्तू तीन. दुसऱ्या अर्थातला वर्ग जातींचा बनलेला आहे आणि तिसऱ्या अर्थातला वर्ग जातीहून वेगळा ओळखावयाचा आहे, हे कोणी स्पष्ट करून न सांगितल्यास 'जात आणि वर्ग यांतील फरक' हा प्रश्न पाचांपैकी चार गुणांचे उत्तर होऊन राहतो.

इंग्रजी शब्द तसाच ठेवल्याने ही अडचण टळेल असे कोणास वाटेल. पण लातूर जिल्ह्याच्या खेड्यात 'सोसायटी' म्हणजे पीककर्ज देणारी सहकारी सोसायटी. तिची निवडणूक होते आणि तीत गावातले गट समजतात. शब्द कोणत्याही भाषेतून आणला तरी गाव त्याला आपला अर्थ देतेच. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हा दोष नव्हे. भाषेच्या जिवंतपणाचे ते लक्षण आहे. दोष एवढाच की, अध्यापनात त्याची दखल घेतली जात नाही.

तिसरा प्रकार अशा शब्दांचा की, जे पुस्तकात नाहीतच. भावकी, सोयरीक, खटले, सावड, बटई, उचल, सालगडी. यांतील 'सालगडी' पाहू. पाडव्याला ज्याचे साल ठरते, धान्य व रोख रक्कम ठरते, बहुधा ज्याने आधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत जो घर सोडू शकत नाही, तो सालगडी. पाठ्यपुस्तक त्याला शेतमजूर या संज्ञेत घालते. परंतु रोजाने जाणारा मजूर उद्या दुसऱ्याच्या बांधावर जाऊ शकतो, सालगड्याला तशी मोकळीक नसते. उलट सणाला त्याला मालकाच्या घरी वाढले जाते आणि मालकाची मुले त्याला मामा किंवा काका म्हणतात. कर्ज, श्रम, नाते आणि दर्जा हे चारही धडे या एका शब्दात आहेत. वर्गातल्या कित्येकांचे वडील सालगडी होते किंवा आहेत. उत्तरपत्रिकेत मात्र हा शब्द येत नाही. आला तर तो ग्राम्य म्हणून खोडला जाण्याची भीती असते. विद्यार्थी आपले घर वर्गाबाहेर ठेवून आत येतो तो असा.

४

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग घरचे शब्दच घ्यावेत. परिभाषेची आवश्यकता काय? हा निष्कर्ष मोहक आहे आणि चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे दाखवण्यासाठी मराठीतलाच एक थोर ग्रंथ समोर ठेवणे योग्य होईल. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यात होते. गावे त्यांनी कागदावर आणि प्रत्यक्षात, दोन्ही रीतींनी पाहिली होती. कुणबी, कारू, नारू, वतन, बलुते, फिरस्ते यांचा संसार त्यांनी ज्या तपशिलाने मांडला, तसा तोपर्यंत मराठीत कोणी मांडला नव्हता. परकीय परिभाषेचा आधार न घेता गावच्याच शब्दांत गावाची रचना सांगता येते, याचा तो पुरावा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने तो वाचलाच पाहिजे.

परंतु त्याने तो कसा वाचावा? 'गावगाडा' हा शब्दच पाहा. गाडा म्हटले की चाके आली, धुरा आली, ओझे आले. प्रत्येक भाग आपापल्या जागी आवश्यक ठरला. गाडा नीट चालत नाही अशी तक्रार करता येते. गाड्याच्या आसाने आस का व्हावे आणि चाकाने चाक का व्हावे, हे गाड्याच्या भाषेत विचारता येत नाही. आत्रे हे व्यवस्थेचे भाट नव्हते. वतने कालबाह्य झाली आहेत आणि वतनदार व फिरस्ते यांचा भार कुणब्याच्या डोक्यावर पडतो, हे त्यांनी कठोरपणे सांगितले. पण तो भार त्यांनी कुणब्याच्या डोक्यावरून मोजला. ज्याच्या वाट्याला येसकराची काठी आणि मेलेले ढोर आले, त्याच्या डोक्यावरून मोजला असता तर बलुते हा हक्क दिसला असता की बेडी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते या दुसऱ्या बाजूने. शब्द तोच, वतन. एका बाजूने ती मिरास आहे, दुसऱ्या बाजूने ती वेठ आहे.

यातून निघणारी गोष्ट अशी की, घरचा शब्द निष्पाप नसतो. तो कोणाच्या तरी घरचा असतो. परिभाषेची गरज येथे उत्पन्न होते. 'स्तरीकरण' हा शब्द कोणाच्याच घरचा नाही. तो पाटलाच्या वाड्यात बोलला जात नाही आणि गावकुसाबाहेरही बोलला जात नाही. त्याचा कोरडेपणा हाच त्याचा उपयोग आहे. तो उच्चारताना कोणाची मान खाली जात नाही आणि कोणाच्या मिशीला पीळ बसत नाही. आपल्या घराकडे थोडे दुरून पाहावयास तो शब्द उभे राहण्यापुरती जागा देतो. म्हणून सुलभीकरणाच्या नावाखाली ही परिभाषा काढून टाकावी, असे आम्हांस वाटत नाही. विशेषतः ज्यांना घरच्या शब्दांनी नेहमी खालीच ठेवले, त्यांच्या मुलांना तो कोरडा शब्द नाकारणे हा अन्याय होईल.

आणखी एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. आत्र्यांचे गाव इंग्रजी अमलातले आहे. निजामी मराठवाड्यात जहागिरी होत्या, त्या १९४९ साली संपल्या; येथे कुलकर्ण्याऐवजी पटवारी हा शब्द रुळला, पाटलांत माली पाटील आणि पोलीस पाटील असा भेद झाला. तेव्हा 'गांव-गाडा' हा देखील आमच्या विद्यार्थ्याने पडताळून घ्यावयाचा ग्रंथ आहे, पाठ करावयाचा नव्हे. नाहीतर मॅकायव्हरच्या जागी आत्रे येतील आणि पाठांतर तसेच चालू राहील.

५

घरचा शब्द आणि शास्त्राचा शब्द यांना एकमेकांसमोर उभे करून शास्त्र कसे साधते, याचे उत्तम उदाहरण डॉ. इरावती कर्वे यांचे आहे. घुर्ये यांच्या त्या विद्यार्थिनी. १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केले. तेथे भाषाविज्ञान आणि समाजशास्त्र एकाच छपराखाली नांदत होते, ही गोष्ट आकस्मिक मानू नये. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी आप्तवाचक शब्दांनाच पुरावा मानले. भारताचे आप्तसंबंधांच्या दृष्टीने विभाग पाडताना महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या पद्धतींचे मिश्रण असलेल्या मधल्या विभागात येतो, हे त्यांनी दाखवले.

हा सिद्धान्त आमचा विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण तो त्याच्या स्वयंपाकघरात आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्या भागात अनेक घरांतून सून सासूला 'आत्या' आणि सासऱ्याला 'मामा' म्हणते. जावई सासू-सासऱ्यांना 'मामी-मामा' म्हणतो. हे मानाने म्हणावयाचे शब्द, एवढेच आपण समजतो. पण मुलाने मामाची मुलगी करावी ही चाल लक्षात घेतली की, हे शब्द अगदी जागच्या जागी बसतात : त्या मुलाचा सासरा खरोखर त्याचा मामा असतो आणि त्या मुलीची सासू खरोखर तिची आत्या असते. उलट आत्याची मुलगी करणे अनेक जातींत चालत नाही. मुलगी ज्या घरी दिली त्या घरून मुलगी आणावयाची नाही, हे तत्त्व तेथे दिसते. देगलूर-उदगीरच्या पलीकडे, जेथे तेलुगू व कन्नड सुरू होते, तेथे मामा-भाचीचे लग्नही चालते. म्हणजे नांदेड-लातूरचा विद्यार्थी ज्या सीमेवर राहतो ती केवळ राज्यांची सीमा नाही. लग्न कोणाशी करावे याच्या दोन व्याकरणांची ती सीमा आहे. एका वर्गातल्या साठ मुलांनी आपापल्या घरी सासू, सासरा, आत्याचा नवरा, मामाची बायको यांना काय म्हणतात एवढेच जात, भाषा व तालुका यांसह लिहून आणले, तर आप्तसंबंधांवरचे एक प्रकरण त्या वर्गात तयार होईल, आणि 'बहिर्विवाह' हा शब्द त्यानंतर सांगितला तर तो कधीही विसरला जाणार नाही. शब्द निरीक्षणाच्या शेवटी आला म्हणजे तो संज्ञा होतो. आधी आला म्हणजे तो मंत्र होतो.

६

परिभाषा आणि घरचा शब्द या दोहोंची गरज आहे, हे विधान एका कठीण प्रसंगावर तपासून पाहू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे गेली. हजारो माणसे दगडी भिंतींखाली आणि माळवदांच्या मातीखाली गाडली गेली. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात ५२ गावे संपूर्णतः नव्या जागी वसवली गेली. घरांचे आकार जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर ७५०.

आता प्रश्न असा. जुन्या गावातली गल्ली कशाने ठरत होती? भावकीने आणि जातीने. नव्या गावातली रांग कशाने ठरली? जमिनीने. पुस्तकी भाषेत सांगावयाचे तर, जातीवर आधारलेली वस्ती मोडून शासनाने एका रात्रीत वर्गावर आधारलेली वस्ती आखली. आखणाऱ्यांच्या मनात असा काही सिद्धान्त नव्हता. मोजता येण्याजोगी आणि सातबाऱ्यावर सापडणारी वस्तू जमीन होती, म्हणून ती घेतली गेली. पण परिणाम सामाजिक होता. दोन भावांच्या नावावर जमीन वेगवेगळी असेल तर भावकी दोन रांगांत गेली. जुन्या वाड्यात ओसरी, चौक, परसू यांच्या आडोशाने चालणारा बायकांचा दिवस सरळ रुंद रस्त्यावर उघडा पडला. ही हानी सांगावयास 'भावकी' आणि 'ओसरी' हे शब्द हवेत. 'कुटुंबसंस्था' या शब्दाने ती सांगता येत नाही.

परंतु एवढेच म्हणून थांबलो तर आपण जुन्या गावाचे गोडवे गाऊ. त्या जुन्या गल्ल्यांच्या टोकाला गावकूस होते, आणि कोणाला कुसाबाहेर राहावे लागे हे भावकीइतकेच पक्के ठरलेले होते. नव्या गावात पूर्वीच्यासारखे आपल्याच माणसांत राहावे, ही मागणी जेव्हा होते, तेव्हा 'आपली माणसे' या दोन शब्दांत माया किती आणि विटाळ किती, हे वेगळे करावयास 'स्तरीकरण' हा कोरडा शब्द लागतो. दोन शब्दांपैकी एकच हाताशी असेल तर विद्यार्थी एक तर शोकगीत लिहील, नाहीतर शासकीय अहवाल. समाजशास्त्र या दोहोंच्या मध्ये आहे.

याच संदर्भात अलीकडची एक घटना भाषाभ्यासकाचे लक्ष वेधते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. अमुकवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत. निर्णय योग्यच होता; ज्या नावाने हाक मारल्यावर माणसाचा अपमान होतो ते नाव जावे. पण नाव बदलल्यावर पाण्याची टाकी, स्मशानभूमीची वाट आणि घर भाड्याने मिळण्याची शक्यता यांत काय बदलले, हा प्रश्न पाटी लावून सुटत नाही. तो पाहून, मोजून, विचारून सोडवावा लागतो. 'जात' या शब्दाजागी 'समाज' आला तशीच ही गोष्ट आहे. शब्दांचे स्थलांतर झाले म्हणजे वस्तूंचे झाले असे नव्हे. आणि झालेच नाही असेही न पाहता म्हणता येणार नाही.

मुंबईच्या पहिल्या विभागाचे प्रमुख गेडिस हे गावाची आखणी करण्यापूर्वी गल्लीबोळांतून पायी हिंडत. आधी पाहणी, मग योजना, असा त्यांचा आग्रह असे. शंभरांहून अधिक वर्षे झाली. आमच्या पदवीच्या वर्गात अद्याप आधी व्याख्या आणि मग, वेळ उरल्यास, पाहणी असा क्रम आहे.

७

हे सर्व कोणाच्या बाबतीत बोलावयाचे आहे, हे विसरून चालणार नाही. लातूरचे नाव शिक्षणात गाजले ते विज्ञान शाखेच्या 'पॅटर्न'मुळे. गुणवत्तेची सारी भाषा त्या बाजूला गेली, बी. ए.ला, आणि त्यातही समाजशास्त्राला, येणारा विद्यार्थी उरलेला समजला जातो. ज्या मुलीला बाहेरगावी पाठवावयाचे नाही ती येथे येते. स्पर्धापरीक्षेला विषय बरा म्हणून कोणी येतो. सोपा विषय म्हणून बहुतेक येतात. आणि सोपा का? पाठांतरावर भागते म्हणून. आपण त्यांच्या हाती प्रश्नसंच देतो आणि त्यांनी जिज्ञासा दाखवली नाही अशी तक्रार करतो. वस्तुतः ज्या मुलांनी दुष्काळ, उचल, वाटणी, हुंडा आणि खालचे अंग ही सर्व प्रकरणे राहून पाहिली आहेत, त्यांच्याइतका सज्ज विद्यार्थी या शास्त्राला दुसरीकडे मिळणार नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा त्या पाण्यासाठी रांगेत उभे राहिलेली मुले आज पदवीच्या वर्गात आहेत किंवा नुकतीच बाहेर पडली आहेत. रांगेत कोण पुढे असते, कोणाचा हंडा कोण हलवते, टँकरवाला कोणाच्या दारी आधी जातो, हे त्यांना 'सत्तासंबंध' या शब्दाच्या कितीतरी आधी समजलेले असते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार जो नवा आराखडा आला, त्यात मुख्य विषय आणि गौण विषय अशी विभागणी आहे, श्रेयांक आहेत, आणि क्षेत्रप्रकल्पाला स्थान आहे. ही संधी आहे. ती दवडणे सोपे आहे. क्षेत्रप्रकल्प म्हणजे गावाची लोकसंख्या, भौगोलिक स्थान आणि आठ निष्कर्ष असा छापील साचा झाला, की तोही प्रश्नसंचात जमा होईल.

आमच्या सूचना तीनच आहेत, आणि त्यांना अनुदान लागत नाही. पहिली : प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासून एक शब्दवही ठेवावी. डाव्या पानावर घरचा व गावचा शब्द, तो कोण कोणाशी बोलताना वापरतो यासह; उजव्या पानावर शास्त्राची संज्ञा; आणि दोहोंत जे जुळत नाही ते खाली. गुण द्यावयाचे ते या खालच्या ओळींना. दुसरी : 'समाज', 'संस्था', 'वर्ग' यांसारख्या परिचित शब्दांची चर्चा अपरिचित शब्दांच्या आधी करावी; कारण धोका तेथे आहे. तिसरी : प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर दोन गावांतल्या दोन विद्यार्थ्यांना सारखे लिहिताच येणार नाही.

या सूचनांवर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. घरचे शब्द वर्गात बोलावयाचे म्हणजे कोणाला तरी आपले खालचे अंग सर्वांसमोर उघडे करावे लागणार. ज्याचे घर वरच्या अंगाला आहे त्याला ही शब्दवही लिहिणे सोपे. दुसऱ्याला ती शिक्षा वाटेल. पाठांतराला एक मोठा गुण आहे : ते सर्वांना सारखे लपवते. या आक्षेपाला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, शब्दवही विद्यार्थी व शिक्षक यांच्यातच राहावी, ती वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नसावी, आणि पहिली वही शिक्षकाने स्वतःची लिहावी. आपले घर कोणत्या अंगाला होते आणि आपण कोणाला कोणत्या शब्दाने हाक मारीत होतो, हे ज्या शिक्षकाला लिहिणे जड जाते, त्याने ते विद्यार्थ्याकडून मागू नये.

त्या तोंडी परीक्षेत मुलीला चांगले गुण मिळाले, आणि ते व्याख्येला मिळाले. तिच्या दुसऱ्या उत्तराची नोंद कोणत्याही रकान्यात झाली नाही, कारण तसा रकानाच नव्हता. चार समाज, आणि त्यांतला एक खालच्या अंगाला. तेथे थांबून परीक्षकांनी आणखी एकच प्रश्न विचारावयास हवा होता : "खालचे अंग म्हणजे नेमके कशाच्या खाली?" जमिनीचा उतार, ओढ्याचे पाणी, देवळाचा कळस, की आणखी काही? त्या मुलीला ते ठाऊक होते. समाजशास्त्र तेथून सुरू होणार होते.